विहीर मोजून पेरलेलं सूर्यफूल

माझं माहेर नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातलं, गोदाकाठचं. पाणी मोजायचं असतं हे मला लग्नापर्यंत ठाऊक नव्हतं. सासर येवल्याच्या उत्तर-पूर्वेला, राजापूर-ममदापूरच्या अंगाला. पहिल्याच उन्हाळ्यात आत्याबाईंनी शिकवलं : तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीला, अंघोळीचं दारातल्या लिंबाला. घरातलं पाणी असं जपणाऱ्या आम्ही रानात मात्र दरसाल दोन एकर उन्हाळ कांदा लावायचो, कारण सगळेच लावतात. एका वर्षी फेब्रुवारीत कांदा लिंबाएवढा झाला आणि विहिरीनं तळ दाखवला. लागवडीची मजुरीसुद्धा निघाली नाही.

त्या रात्री झोप लागेना तेव्हा पहिल्यांदा वही घेऊन बसले. एकरी किती पैसे झाले, असं आपण एकमेकांना विचारतो. आमच्याकडे जमीन सहा एकर आहे आणि त्यातली निम्मी हिवाळ्यात मोकळीच पडते. कमी पडतं ते पाणी. मग हिशोब पाण्यावर मांडायला हवा : एक लाख लिटर पाण्यामागे हातात किती राहिले? असा हिशोब मांडत मांडत मी सूर्यफुलापर्यंत आले. सात वर्षं झाली. पहिलं वर्ष वाया गेलं, ते का हे पुढे सांगते. ज्यांच्या विहिरी डिसेंबरात दमतात आणि ज्यांच्या शिवारात कालवा नाही, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. ज्यांना कालव्याचं आवर्तन, म्हणजे ठरल्या वेळी सुटणारं पाणी, मिळतं त्यांनी कांदाच करावा, माझं काही म्हणणं नाही.

पेरणीआधी दोर घेऊन विहिरीवर जा

हे काम गणपती गेल्यावर, मूग निघून रान मोकळं झालं की करायचं. सुताचा दोर घ्या, टोकाला दगड बांधा, फुटाफुटावर गाठी मारा. संध्याकाळी मोटार चालवून विहीर नेहमीइतकी उपसा, पाणी किती फुटांवर आहे ते मोजा. सकाळी उठल्याबरोबर पुन्हा मोजा. रात्रीत जितकं चढलं, ती तुमची रोजची आवक.

आता फुटांचे लिटर करा. आमची विहीर 20 फूट व्यासाची आहे. त्यात एक फूट पाणी म्हणजे सुमारे 8,900 लिटर. (त्रिज्येला त्रिज्येनं गुणा, मग 3.14 नं गुणा, हे झाले घनफूट. एका घनफुटात 28.3 लिटर.) बोअर असेल तर 200 लिटरचा ड्रम भरायला किती सेकंद लागतात ते बघा. आमच्या मोटारीला 40 सेकंद लागतात, म्हणजे तासाला 18,000 लिटर. वीज आठ तास असली तरी विहिरीतलं पाणी दोन तासांत संपतं, हे आकडा समोर आल्यावरच नीट कळतं.

पिकाची गरज याच मापात बघा. एक एकर रानात दोन इंच, म्हणजे पाच सेंटिमीटर पाणी उभं करायचं तर दोन लाख लिटर लागतात. आमच्या विहिरीचं 22-23 फूट पाणी एका एकराच्या एकाच पाळीला, म्हणजे एकदाच्या भिजवणीला! मी हे पहिल्यांदा काढलं तेव्हा आकडा चुकला असं वाटून तीनदा गुणाकार केला. एक सरी सोडून एक सरी भिजवली की हेच काम माझ्या रानात साधारण 1 लाख 30 हजार लिटरमध्ये होतं.

आता आवक आणि गरज शेजारी मांडते. आमच्याकडे नोव्हेंबरात रात्रीत चार फूट पाणी येतं, म्हणजे 35,600 लिटर. डिसेंबरच्या सुरुवातीला अडीच फूट, 22,250 लिटर. डिसेंबरच्या मध्याला दोन फूट, 17,800 लिटर. दीड एकराच्या एका पाळीला 1 लाख 95 हजार लिटर हवेत. ते नोव्हेंबरात साडेपाच दिवसांत होतं, फुलोऱ्याच्या वेळी नऊ दिवस लागतात आणि दाणे भरताना अकरा. इथवर जमतं. दोन एकर पेरलं असतं तर फुलोऱ्याची पाळीच बारा दिवस चालली असती आणि पहिल्या सरीत दाणा भरायला लागला तरी शेवटच्या सरीतल्या फुलाला पाणी पोहोचलं नसतं. म्हणून मी दीड एकरच पेरते. जाऊबाई दरवर्षी म्हणतात, "अगं, अजून अर्धा एकर टाक की." मी टाकत नाही. विहिरीत आधीपासून उभं असलेलं पाणीही या हिशोबात धरत नाही. ते घराचं आणि जनावरांचं.

आणखी एक : दीड एकर एकाच दिवशी पेरू नका. पाणी द्यायला जितके दिवस लागणार, साधारण तितक्या अंतरानं दोन तुकड्यांत पेरा. मी पाच-सहा दिवसांचं अंतर ठेवते. मग दोन्ही तुकड्यांना पाणी त्यांच्या त्यांच्या वेळेला मिळतं.

हंगाम आणि रान

सूर्यफूल तिन्ही हंगामांत येतं, दिवस लहान-मोठा असल्यानं त्याचं काही अडत नाही. पण कमी पाण्यात पैसे मिळवायचे असतील तर रब्बीच. उन्हाळ्यात सहा-सात पाळ्या लागतात, त्या आपल्या नाहीत. खरिपात फुलोरा भर पावसात सापडला तर फूल सडतं. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर या काळात जमिनीच्या पोटात पावसाची ओल असते, आणि सूर्यफुलाचं सोटमूळ चार-पाच फूट खाली जाऊन ती ओल ओढतं. तुमच्या विहिरीत नसलेलं पाणी या पिकाला जमिनीतून मिळतं ते असं. त्यासाठी रान मध्यम ते भारी काळं हवं. मुरमाड, फूटभर मातीच्या रानात हे करू नका, मुळाला खाली जायला वाटच नसते. पाणी साचणाऱ्या चिबड जागेतही नको.

खरिपात त्या रानात मूग घ्या, म्हणजे भाद्रपदात मोकळं होतं. खोल नांगरट करू नका, ओल उडून जाते. एक-दोन वखराच्या पाळ्या पुरतात. बांधावरचं गाजरगवत मात्र पेरणीआधी मुळासकट उपटा. सूर्यफुलावर नेक्रोसिस म्हणून विषाणूचा रोग येतो : शेंडा वाळतो, फूल वाकडं होतं. तो रोग गाजरगवतात राहतो आणि फुलकिडे तो पिकात आणतात. एकदा आला की औषध नाही. म्हणून मी चारी बाजूंनी ज्वारीच्या चार-चार ओळी दहा-बारा दिवस आधी पेरून घेते. फुलकिड्यांना आड होतो आणि म्हशीला कडबा होतो.

पेरणी

परतीचा पाऊस पडून वापसा आला, म्हणजे माती चिखलही नाही आणि कोरडीही नाही अशी झाली, की पेरा. घटस्थापना ते दसरा हा आमचा ठरलेला काळ. परतीचा पाऊस आलाच नाही तर एक हलकं पाणी देऊन, वापशावर पेरा. कोरड्यात पेरून वर पाणी सोडलं तर मातीची पापडी धरते आणि कोंब खालीच वाकून मरतो.

दोन ओळींत 60 सेंटिमीटर, दोन झाडांत 30. मध्यम रानात ओळी 45 वर घेतात, पण कमी पाणी असताना मी 60 च ठेवते. या अंतरानं एकरात साधारण 22,000 झाडं बसतात. एका जागी दोन दाणे टोकले तर संकरित बियाणं सव्वादोन-अडीच किलो लागतं. खोली दोन बोटं, फार तर पाच सेंटिमीटर. पाभरीनं (बैलांच्या पेरणीच्या अवजारानं) पेरलं तर बी खोल जाऊन उगवण तुटक होते. आम्ही सऱ्या पाडून बायांकडून टोकून घेतो. मजुरी जास्त जाते, पण एकही जागा रिकामी राहत नाही आणि विरळणी सोपी होते.

बियाण्याचं म्हणाल तर संकरित घ्या. राहुरी विद्यापीठाचा फुले भास्कर हा सुधारित वाण आहे, लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्रानं काढलेले एलएसएफएच मालिकेतले संकरित वाण आहेत. खाजगी कंपन्यांचेही मिळतात. मी एकच गोष्ट पाहते, ती म्हणजे दिवस. 90 ते 95 दिवसांत निघणारा वाण हवा. 105 दिवसांचा वाण चार पोती जास्त देईल असं दुकानात कुणी सांगितलं, तरी त्या शेवटच्या दहा दिवसांचं पाणी माझ्याकडे नसतं.

पिशवीतलं बी रंगीत असेल तर त्याला प्रक्रिया झालेली आहे. ते भिजवू नका, तसंच पेरा. साधं बी असेल तर रात्रभर, दहा-बारा तास पाण्यात भिजवा आणि सावलीत सुकवा. मग किलोला 6 ग्रॅम मेटॅलॅक्झिल केवडा रोगासाठी आणि 5 ग्रॅम इमिडाक्लोप्रिड रसशोषक किडींसाठी चोळा. हातमोजे घाला. पेरायच्या आधी ॲझोटोबॅक्टर हे जिवाणू खत किलोला 25 ग्रॅम लावायचं.

खताला मी डीएपी वापरत नाही. तेलबियांना गंधक लागतं, ते डीएपीत नसतं आणि सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये असतं. एकरी दीड गोणी, म्हणजे 75 किलो सुपर फॉस्फेटमध्ये 12 किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि 8 किलोच्या आसपास गंधक एकदम मिळतं. सोबत 20 किलो म्युरेट ऑफ पोटॅश. युरिया एकूण 50 किलो, निम्मा पेरताना आणि निम्मा पहिल्या पाळीच्या वेळी. शेणखत एक ट्रॉली तरी घालाच.

उगवल्यावर दहा-बारा दिवसांनी विरळणी करा. एका जागी एकच रोप, सशक्त ते ठेवायचं. दुसरं उपटताना जीव तुटतो, दोन्ही रोपं टवटवीत असतात. पण कमी पाण्यात दोन ठेवली तर दोन्हींची फुलं बशीएवढी होतात आणि मधला दाणा पोचट निघतो. आमच्याकडे या काळात काळवीट येतात. कोवळं रोप ते शेंड्यावर खुडतात. पंधरा-वीस दिवस बांधाला जुन्या साड्या लावते. पानं खरखरीत झाली की ते फिरकत नाहीत.

विसाव्या दिवशी एक कोळपणी (ओळींमधलं तण काढून माती हलवणं), पस्तिसाव्या दिवसाच्या आत दुसरी. दुसरीला कोळप्याला दोर बांधून झाडाच्या बुंध्याशी माती लावून घ्या. फूल जड झालं की झाड आडवं होत नाही, आणि पाण्यासाठी सरीही आपोआप मोकळी होते. कोळपणी हे अर्धं पाणी, असं आमचे सासरे म्हणायचे. काळ्या रानाला भेगा पडू दिल्या नाहीत तर ओल खरंच पंधरा दिवस जास्त टिकते.

तीन पाळ्या, चौथी नाही

पहिली पाळी कळी धरताना, पेरणीपासून 30 ते 35 दिवसांनी. शेंड्याला बटणाएवढी हिरवी कळी दिसली की लगेच. फूल किती मोठं होणार हे याच वेळी ठरतं. दुसरी फुलोऱ्याला, पंचावन्न दिवसांच्या आसपास, पहिल्या पिवळ्या पाकळ्या दिसल्यावर. तिसरी दाण्यात दूध भरताना, सत्तराव्या दिवसाच्या सुमाराला.

विहिरीत दोनच पाळ्यांचं पाणी असेल तर कळीची आणि दाणे भरतानाची द्या, पण फुलोऱ्यात रान पूर्ण कोरडं पडणार नाही अशा बेतानं कळीची पाळी आठवडाभर उशिरा घ्या. एकाच पाळीचं असेल तर ती फुलोऱ्याच्या तोंडावर द्या.

पंचवीस दिवसांच्या आत पाणी देण्याचा मोह होतो, कारण दुपारी पानं माना टाकतात. देऊ नका. संध्याकाळी सहा वाजता त्याच झाडाकडे बघा. पानं ताठ झाली असतील तर त्याला काही झालेलं नाही, ते मूळ खाली पाठवतं आहे. सकाळी सातलाही पानं लोळलेली दिसली तर मात्र त्या दिवशी मोटार लावा.

सऱ्यांचा क्रम असा ठेवा : पहिल्या पाळीला 1, 3, 5 या सऱ्या, दुसऱ्या पाळीला 2, 4, 6. प्रत्येक झाडाला एका बाजूनं पाणी मिळतंच आणि कोरड्या बाजूनं मुळं खोल जातात. सरी लांब करू नका. आमची पूर्वी अडीचशे फुटांची सरी होती. टोकाला पाणी पोहोचेपर्यंत तोंडाशी दीड वीत चिखल व्हायचा. मध्ये पाण्याचा दांड (पाट) काढून सव्वाशे फुटांवर आणली, तेव्हा कुठे 1 लाख 30 हजारांचा आकडा जमला.

ठिबकाबद्दल विचारतात. दोन वर्षांपूर्वी माझ्या भावानं निफाडला एक एकर द्राक्षबाग तोडली आणि नळ्या मला दिल्या. द्राक्षाच्या ओळी नऊ फुटांवर असतात. मी जोडओळीनं लावते : दोन ओळी 45 वर, मग 75 चा पट्टा मोकळा, आणि जोडीच्या मधे एक नळी. म्हणजे दर 120 सेंटिमीटरला नळी लागते. त्याची एकरभराची नळी माझ्या अर्ध्या एकराला थोडी कमीच पडली, वर दोनेकशे मीटर विकत घ्यावी लागली. त्या अर्ध्या एकराला अख्ख्या हंगामात 1 लाख 30 हजार लिटर पाणी गेलं. सरीवर 1 लाख 95 हजार गेलं असतं. दाणा सारखाच निघाला. तेव्हा जुनी नळी कुणी देत असेल तर सोडू नका, पण फक्त सूर्यफुलासाठी नवी घ्यायचा खर्च मी तरी करणार नाही.

माश्यांशिवाय सगळं फोल

आता पहिल्या वर्षाचं सांगते. पाणी वेळेवर दिलं होतं, फुलं ताटाएवढी झाली होती, रस्त्यानं जाणारी पोरं फोटो काढायला थांबत होती. फुलात घाटेअळी दिसली. कृषी सेवा केंद्रातून औषध आणलं, त्यांनी सांगितलं तसं सकाळी नऊला फवारलं. दुपारी मी रानात गेले तर सरीत मधमाश्या पडलेल्या. काही अजून पाय हलवत होत्या. मी खाली बसून त्या ओंजळीत घेतल्या, पण काही करता येत नव्हतं. त्या वर्षी एकरी पावणेतीन क्विंटल झालं. फुलाचा कडेचा घेर भरलेला आणि मधला तळहाताएवढा भाग नुसती टरफलं.

कांद्याचं बी काढणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. आपल्या जिल्ह्यात डोंगळ्याच्या, म्हणजे बियाण्यासाठी फुलवलेल्या कांद्याच्या, रानात माशी आली नाही तर बी धरत नाही, हे पोरालाही माहीत आहे. सूर्यफुलाचं तसंच आहे. एका फुलात शेकडो बारीक फुलं असतात, कडेकडून मधे रोज दोन-चार घेर उमलतात, आणि बहुतेकांना दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. आठ-दहा दिवसांत जे काय व्हायचं ते होतं.

म्हणून फुलोऱ्यात कीटकनाशक बंद. अळीचा बंदोबस्त कळीतच करा : पंचेचाळीस दिवसांपर्यंत 5 टक्के निंबोळी अर्क दोनदा (100 लिटर पाण्याला 5 किलो निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवायच्या), आणि सकाळी फेरी मारून अळ्या हातानं वेचायच्या. पक्षी बसायला उभ्या काठ्या रोवल्या असतील तर त्या याच काळापुरत्या. दाणे भरायला लागले की काढून टाका, नाहीतर त्यांवर राघू बसतात. फुलोऱ्यात फवारावंच लागलं तर सूर्य मावळताना, माश्या परत गेल्यावर.

पहिल्या पाकळ्या दिसताना बोरॅक्सची फवारणी करा. लिटरला 2 ग्रॅम, एकराला 200 लिटर पाण्यात 400 ग्रॅम. ते थंड पाण्यात लवकर विरघळत नाही, आधी तांब्याभर गरम पाण्यात हलवून घ्या. फुलाच्या तोंडावर पडेल असं मारा. दाणा धरण्यात याचा फरक दिसतो.

मधपेट्या ठेवणारा माणूस ओळखीचा असेल तर एकराला दोन पेट्या पुरतात. आमच्याकडे कांदा बियाण्याच्या रानांसाठी पेट्या येतात त्या जानेवारीनंतर, माझ्या फुलोऱ्याच्या नंतर. मग हातानं करायचं. तळहाताला जुन्या धोतराचा मऊ कपडा गुंडाळा आणि एका फुलावरून हलका फिरवून दुसऱ्यावर, तिसऱ्यावर न्या. पिवळी भुकटी कपड्याला लागलेली दिसते. पुस्तकात सकाळी सात ते अकरा वेळ दिलेली असते. आमच्याकडे डिसेंबरात दव इतकं पडतं की साडेआठपर्यंत फुलं ओली असतात, पराग चिकटून बसतो. मी नऊ ते साडेअकरा करते. एक दिवसाआड चार वेळा. दोन बायका सकाळच्या वेळात एक एकर आटोपतात. हे काम कंटाळवाणं नाही. ऊन कोवळं असतं, हात पिवळे होतात, आग्या माश्या शेजारच्या फुलावर त्यांचं काम करत असतात आणि आपल्याला काही करत नाहीत.

राघू

राघू सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी दिवस कलताना येतात. मधल्या वेळेत राखण करून उपयोग नाही. वडा-लिंबाच्या मोठ्या झाडाशेजारचं रान या पिकाला निवडू नका, तिथून ते उठतच नाहीत. लाल-चंदेरी चकाकती फीत पिकाच्या वर फूटभर उंच, पीळ देऊन बांधली तर आठवडाभर घाबरतात. नंतर सरावतात. मग पत्र्याचा डबा आणि गोफण. शेवटचे वीस दिवस आमचे हे पहाटे रानात आणि मी संध्याकाळी. शेजारच्यांना सोबत पेरायला लावलं तर नुकसान वाटून जातं. गेल्या वर्षी आम्ही तीन घरांनी मिळून साडेचार एकर केलं, तेव्हा राखणही पाळीपाळीनं झाली.

काढणी

फुलाची पाठ लिंबासारखी पिवळी झाली आणि कडेची पानं तपकिरी पडली की कापा. पूर्ण वाळायची वाट पाहिली तर राघू खातात आणि दाणा गळतो. विळ्यानं फूल तेवढं कापून खळ्यावर पातळ पसरा, पाच-सहा दिवस उन्हात, रोज पालटा. ढीग घालू नका. आतून तापतं, बुरशी येते आणि तेलाला कडू वास लागतो. वाळलं की काठीनं झोडपा किंवा मळणी यंत्राचे फेरे कमी करून काढा. जोरात चाललं तर दाण्याचं टरफल फुटतं. उपणून पुन्हा दोन-तीन दिवस वाळवा. दाताखाली कट्कन तुटला म्हणजे साठवायला झाला.

विकायचं कुठे, उरतं किती

विकणाऱ्यानं हा प्रश्न पेरणीच्या आधी सोडवायचा. लासलगाव, येवला, अंदरसूल, कुठेही कांदा-मका घेऊन गेलात तर गिऱ्हाईक उभं असतं. सूर्यफुलाचं तसं नाही. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला देशात हे पीक वीस लाख हेक्टरच्या वर होतं. आता त्याचा छोटासा हिस्सा उरला आहे, आणि आपल्या स्वयंपाकघरातलं बहुतेक सूर्यफूल तेल युक्रेन, रशिया, अर्जेंटिनाहून येतं. त्यामुळे गावपातळीवर घेणारे व्यापारी थोडे. केंद्र सरकारनं 2024-25 साठी 7,280 आणि 2025-26 साठी 7,721 रुपये क्विंटल हमीभाव जाहीर केला. खुल्या बाजारात मला तो कधी मिळालेला नाही. हे धरूनच बेत करा. सप्टेंबरात दोन व्यापाऱ्यांशी बोलून, कोण घेणार, किती ओलाव्याचं घेणार, वजन कुठे करणार ते ठरवून घ्या.

गेल्या वर्षी दीड एकरात नऊ क्विंटल झालं. सहा क्विंटल व्यापाऱ्याला 5,700 रुपयांनी दिलं, त्याचे 34,200. तीन क्विंटल लाकडी घाण्यावर नेलं. शंभर किलोला 32 किलो तेल पडलं, म्हणजे 96 किलो. ते नात्यागोत्यात, पोराच्या ओळखीनं नाशिकला, 260 रुपये किलोनं गेलं : 24,960. त्यातून गाळायची मजुरी 6,000 आणि डबे-बाटल्या 1,200 गेले, उरले 17,760. तेच तीन क्विंटल व्यापाऱ्याला 17,100 ला गेलं असतं. फरक थोडाच वाटतो, पण वर पावणेदोनशे किलोच्या पुढे पेंड घरी राहिली आणि दोन महिने म्हशींना विकतची आणावी लागली नाही. तेलाची गिऱ्हाइकं आधी बांधली असतील तरच घाण्यावर न्या. तेल घरात पडून राहिलं तर खवट होतं.

एकूण 51,960 आले. मशागत, बी, खत, टोकणी, खुरपणी, मळणी मिळून 21,000 गेले. उरले 30,960. पाणी गेलं सरीच्या एकराला 3 लाख 90 हजार आणि ठिबकाच्या अर्ध्या एकराला 1 लाख 30 हजार, मिळून 5 लाख 20 हजार लिटर. म्हणजे लाख लिटरमागे साधारण 5,950 रुपये. घरच्या माणसांचा रोज यात नाही. राखण आणि हातानं केलेलं परागीभवन धरून चोवीस रोज, 300 रुपयांनी 7,200 वजा करा, तरी लाख लिटरमागे साडेचार हजारांच्या वर राहतात. कांद्याचा भाव चढला त्या वर्षी कांदेवाल्यांना यापेक्षा खूप जास्त मिळाले, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण त्यांच्या विहिरींना मार्चपर्यंत पाणी होतं. माझं पीक संक्रांतीला खळ्यावर असतं आणि विहिरीत म्हशींपुरतं पाणी शिल्लक असतं.

रानाचं एक सांगायचं राहिलं. सूर्यफूल त्याच तुकड्यात लगेच पुढच्या वर्षी घेऊ नका, तीन वर्षं जाऊ द्या. खालच्या थरातली ओल आणि अन्न त्यानं ओढून घेतलेलं असतं, आणि रोगही रानात राहतात. मी सहा एकरांचे चार तुकडे पाडून वहीत नकाशा काढला आहे, कुठल्या तुकड्यात कुठल्या साली काय होतं तो. ताटं, म्हणजे सूर्यफुलाची वाळलेली खोडं, मात्र जाळू नका. रोगट असतील तेवढी बाहेर काढा, बाकीची रोटाव्हेटरनं बारीक करून तिथंच गाडा. जून उजाडेपर्यंत कुजतात, आणि त्यावर मूग टाकायचा.